गोल बॅटला रंधा

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. नेदरलँड्सच्या पोलिसांनी मला पकडलं नव्हतं. फक्त थांबवलं होतं. आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर हरिहरनं जे पसरवलंय त्यात काडीचं तथ्य नाही, आणि 'सुदर्शन रिसबूड आत गेला' हा मेसेज ज्यांनी ज्यांनी हसरे चेहरे लावून पुढे पाठवला त्यांची नावं माझ्या लक्षात आहेत. हातातली बॅट, बायकोचा मोजा आणि माझी बँकेतली नोकरी या तीन गोष्टी सुट्या सुट्या घेतल्या तर अगदी निरुपद्रवी आहेत. त्या एकाच वेळी एकत्र आल्या, एवढंच झालं.

मूळ प्रकरण बॅटचं. माझी मुलगी संहिता इथे झूटरमेरच्या क्लबात बेसबॉल खेळते. इथले लोक त्याला होंकबाल म्हणतात. मी पुण्याचा, सहकारनगरचा. माझी मुलगी खेळलीच तर क्रिकेट खेळेल, गेला बाजार बॅडमिंटन, असं मी गृहीत धरून चाललो होतो. पण आमच्या शेजारी हेंक राहतो. वय पंचाहत्तरीच्या आसपास, डोकं दाराच्या चौकटीला टेकेल एवढी उंची, रॉटरडॅमच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला. हा क्लब ज्यांनी स्थापन केला त्यांतला तो एक. संहिता चालायला लागली तसा त्यानं तिच्या हातात बॉल दिला, आणि आमच्या घरातून क्रिकेट हद्दपार झालं. ती त्याला ओपा म्हणते, म्हणजे आजोबा. मला ती 'पाप्' म्हणते. चूक तिची नाही, डचमध्ये बापाला तसंच म्हणतात, पण फोनवर ऐकणारी माझी आई दर वेळी दचकते.

हेंकबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. या देशात भाऊ भावाकडे जायचा झाला तरी आधी डायरी बघतो. अॅमस्टरडॅमच्या झुइडास भागात, बँकेच्या कम्प्युटर विभागातल्या माझ्या एका सहकाऱ्यानं मला जेवायचं आमंत्रण दिलं तेव्हा बाहेर बर्फ होतं, आणि प्रत्यक्ष जेवलो तेव्हा आम्ही दोघं हाफ पँटीत होतो. हेंक मात्र बेल वाजवतो आणि सरळ आत येतो. तेही संध्याकाळी सहाला, जेव्हा अख्खा देश जेवायला बसलेला असतो आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहणं म्हणजे शुद्ध असभ्यपणा समजला जातो. माझ्या बायकोच्या, मंजूषाच्या, आमटीचा वास त्याला भिंतीतून येतो म्हणे. तो पहिल्यांदा असा न सांगता आला तेव्हा मला भरून आलं होतं. खोटं कशाला बोलू, इतक्या वर्षांत या देशात मला आपलं म्हणावं असं तेवढं एकच माणूस मिळालं.

तर एप्रिलमध्ये संहितानं जाहीर केलं की तिला नवी बॅट हवी. ती डचमध्ये बोलते, मी मराठीत बोलतो, आणि आमचं भांडण व्यवस्थित होतं. इथे मी तिचं बोलणं मराठीत देतोय, कारण शेवटी गोष्ट मी सांगतोय.

"पाप्, माझी जुनी झाली. आता कॉम्पोझिट घेतात."

"जुनी झाली म्हणजे? दोन वर्षांपूर्वी तर आणली. अॅल्युमिनियम कधी जुनं होतं का? आपल्याकडे पातेली तीन तीन पिढ्या चालतात."

मग तिनं मला तिच्या टॅबवर बॅटची रचना समजावली. हँडल वेगळं, पुढचा जाड भाग वेगळा, दोन्हींच्या मध्ये सांधा. म्हणजे चुकीच्या जागी बॉल लागला तरी हाताला झिणझिण्या येत नाहीत. आतून पोकळ, बाहेरून कार्बन. दर वर्षी नवं डिझाइन, आणि प्रत्येक डिझाइनवर कुठल्यातरी हिंस्र प्राण्याचं नाव. मी म्हटलं, अगं, झिणझिण्या आल्या नाहीत तर आपण चुकलो हे माणसाला कळणार कसं? त्यावर तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती तिच्या आईची आहे.

आमच्या लहानपणी बॅट म्हणजे काय होतं? माझी पहिली बॅट म्हणजे आईचं कपडे धुवायचं धोपाटणं. ते ओलं असायचं, त्यामुळे चेंडू लागला की साबणाचे शिंतोडे थेट विकेटकीपरच्या डोळ्यांत. त्या धोपाटण्यानं मी समोरच्या बिल्डिंगमधल्या तुळशीची कुंडी फोडली होती आणि आईनं त्याच धोपाटण्यानं माझा समाचार घेतला होता. पुढे फ्रिजच्या खोक्याच्या फळ्यांची बॅट झाली. तिच्यात एक खिळा राहिला होता, त्यामुळे रबरी चेंडू कधी कधी बॅटलाच चिकटून बसायचा आणि आउट की नॉट आउट यावर मारामारी व्हायची. मग आमच्यातल्या राजनला त्याच्या मामानं खरी बॅट आणली. राजन आउट झाला की त्याला गृहपाठ आठवायचा आणि तो बॅट घेऊन घरी जायचा. तरी त्या बॅटला आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरून तेल चोरून आणून पाजलं होतं. बॅटला तेल पाजायचं, मोज्यात चेंडू घालून तिला ठोकून ठोकून तयार करायचं, हे आम्ही श्रद्धेनं केलं. एखादी वस्तू आपली कशी होते ते मला तिथे कळलं. दुकानातून आणली की ती आपली होत नाही. हे संहिताला शिकवायचंच असं मी ठरवलं, आणि इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं.

एप्रिलच्या शेवटी राजाचा वाढदिवस येतो. त्या दिवशी सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर उतरतो आणि माळ्यावरची अडगळ फुटपाथवर मांडून एकमेकांना विकतो. आमच्या गल्लीच्या टोकाला चर्चच्या बायकांनी मदतनिधीसाठी टेबल लावलं होतं. लोकांनी दिलेल्या वस्तूंचा ढीग होता. त्यात कपबश्या, एका पायाचा दिवा आणि त्यांच्या खाली एक लाकडी बेसबॉल बॅट. जुनी, वजनदार, मधासारख्या रंगाची. हातात घेतली आणि मला सहकारनगरचं मैदान दिसायला लागलं. चर्चच्या कामासाठी असूनही मी घासाघीस केली, सवय जात नाही, आणि ती घरी आणली.

मंजूषा दारातच म्हणाली, "हे काय आणलंस? चोर आला तर उपयोगी पडेल म्हणून?"

"ही संहिताची बॅट. मी तयार करणार आहे."

"ती तयार आहे का यासाठी?" मंजूषा लोकांच्या छोट्या छोट्या धंद्यांचे हिशेब बघते. घरातही तिचं बोलणं थोडक्यात आणि बरोबर असतं. मला त्याचा त्रास होतो.

मी ग्रुपवर बॅटचा फोटो टाकला. ही चूक होती. हरिहर रायस्वाइकला राहतो आणि कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेत त्यानं कधीतरी एक षटक टाकलं होतं, तेव्हापासून खेळ या विषयावर तो शेवटचा शब्द आहे. त्याचा लगेच फोन.

"सुदर्शन, जवसाचं तेल पाज. कच्चं, उकळलेलं नाही. आणि ठोक चांगली. पंधरा दिवस ठोक."

"पण ही बेसबॉलची आहे रे."

"लाकूड ते लाकूड. त्याला काय माहीत?"

मी बागेतल्या शेडमध्ये बसून बॅटला तेल पाजलं. मंजूषाचा एक लांब काळा मोजा घेतला, त्यात चेंडू घातला, आणि रोज संध्याकाळी ठोकायला लागलो. टॉक, टॉक, टॉक. रविवारी पलीकडच्या घरातल्या बाईंनी कुंपणावरून मान काढून विचारलं, की आज रविवार आहे हे मला ठाऊक आहे का. मी म्हटलं, ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, मला वाटलं विसरलात. या देशात माणसाचा अपमान इतक्या सौम्यपणे करतात की तो झाला हे कळायला जेवण व्हावं लागतं.

ठोकता ठोकता माझ्या लक्षात एक मूलभूत गोष्ट आली. बॅट गोल होती. आता गोल लाकडानं गोल चेंडू मारायचा म्हणजे तो कुठेही जाणार. मुसळानं सुपारी फोडण्यातला प्रकार. दीडशे वर्षं हे लोक हा खेळ खेळतायत आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की एक बाजू सपाट केली तर केवढी सोय होईल! क्रिकेटवाल्यांना हे केव्हाच सुचलं होतं. मला अभिमान वाटला. आपल्या माणसाची नजर परदेशात गेल्यावर कशी पडते बघा, असं मनातल्या मनात मी स्वतःला म्हणालो.

मी हेंककडे रंधा मागायला गेलो.

"कशाला हवाय?" त्यानं विचारलं. मला संहिताला चकित करायचं होतं, आणि हेंकच्या पोटात काही राहत नाही.

"एक लाकूड सपाट करायचंय," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं.

हेंक खूश झाला. भारतीय इंजिनिअर हातानं काही करतोय हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. त्यानं मला त्याच्या वडिलांचा रंधा दिला, तो कसा धरायचा, रेषेच्या दिशेनं कसा चालवायचा, सगळं दाखवलं, आणि वर म्हणाला, "सावकाश कर. लाकूड परत लावता येत नाही."

शनिवारी मी ती बॅट तासली. एका बाजूला कुणीतरी सुरीनं अक्षरं कोरली होती, एक 'एच' आणि त्यापुढे काहीतरी खरबरीत. कुठल्यातरी वांड पोराचा उद्योग, असं म्हणून मी सुरुवात तिथूनच केली. छिलके असे सुरेख निघत होते की मला थांबवेना. शेवटी बॅटला हातभर लांब, गुळगुळीत, सपाट तोंड आलं. हँडलला मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं. खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा करतो, तर बॅटनं काय घोडं मारलंय?

आणि मग ते पोलिसांचं. बुधवारी संहिताचा सराव होता. मी ऑफिसातून लवकर निघालो, घरून बॅट घेतली, आणि क्लबवर जाऊन सगळ्यांसमोर तिला द्यायची म्हणून सायकलवर टांग मारली. एका हातात हँडल, एका हातात बॅट, बॅटला कुंकू. कालव्याच्या पुलावर दोन पोलीस सायकलवरून समोर आले, एक बाई आणि एक पोरगेला गडी. बाईंनी हात केला.

"साहेब, या देशात बॅट रस्त्यावर अशी घेऊन फिरता येत नाही. खेळायला चाललायत?"

"हो."

"मग बॉल कुठाय?"

बॉल होता. मी आत्मविश्वासानं कोटाच्या खिशात हात घातला आणि बाहेर काढला मंजूषाचा लांब काळा मोजा. बॉल त्याच्या टोकाला लोंबत होता. दोघेही एक एक पाऊल मागे सरले.

"हे काय आहे?"

"बायकोचा मोजा."

"बायको कुठे आहे?"

"घरी."

"त्यांना माहीत आहे?"

मी म्हणालो, बॅटला बॉलची सवय लावतोय. बाईंनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पोरगेल्या पोलिसानं बॅटवरच्या लाल डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, पूजा केली. मग त्यानं विचारलं, काम कुठे करता? आता इथे माणसानं खोटं बोलावं की नाही? पण माझ्यावर संस्कार आहेत.

"बँकेत," मी म्हणालो.

त्यांनी माझं ओळखपत्र बघितलं, वायरलेसवरून कुणाशी तरी बोलले, आणि मंजूषाला फोन लावला. तिनं फोनवर काय सांगितलं कोण जाणे, पण बाई हसायला लागल्या. त्या मला क्लबच्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. आम्ही निघत होतो तेवढ्यात पुलावरून हरिहरच्या बायकोची गाडी गेली, त्यामुळे पुढचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहेच.

क्लबात संहिताच्या सगळ्या संघानं मला पोलिसांच्या पहाऱ्यात येताना पाहिलं. मी घाम पुसून बॅट पुढे केली. तिची कोच मारलूस पुढे आली, तिनं बॅट हातात फिरवली, सपाट बाजूवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ही तुम्ही केलीत?"

"स्वतः," मी म्हणालो.

"नियमानं बॅट गोलच लागते. सगळ्या बाजूंनी. फार पूर्वी, अमेरिकेत, थोडी वर्षं सपाट चालायची. मग बंद केली."

म्हणजे माझा शोध शंभर वर्षांपूर्वी लागून, चालवून, रद्दसुद्धा झाला होता. मुली हसल्या. संहिता हसली नाही. ती खाली बघत म्हणाली, "पाप्, प्लीज, घरी जा ना." मी बॅट काखेत मारली, बॉल मोज्यात घातला, आणि सायकल हातात धरून चालत घरी आलो. चढून बसायची हिंमत नव्हती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगितलीच नसती. त्याच संध्याकाळी सहाला बेल वाजली. हेंक. तो रोजच्या खुर्चीत बसला, मंजूषानं त्याच्यापुढे वाटी ठेवली, आणि त्यानं आमटीला हातही लावला नाही.

"क्लबाला पन्नास वर्षं होतायत," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी समारंभ आहे. पहिला बॉल मी मारायचा असं ठरलंय. आणि माझी बॅट सापडत नाही."

"कुठली बॅट?" मंजूषानं विचारलं.

"माझी लहानपणची. माझ्या वडिलांना बंदरात एका अमेरिकन खलाशानं दिली होती. मी तिच्यावर सुरीनं माझं नाव कोरलं म्हणून मार खाल्ला होता. माळ्यावर होती. रियानं माळा साफ केला आणि चर्चच्या बायकांना खोकी दिली. तिच्या लक्षातच आलं नाही. कुणी नेली ते त्या बायकांनाही आठवत नाही. रडत बसलीय ती."

रिया म्हणजे हेंकची बायको. मंजूषानं माझ्याकडे पाहिलं. संहितानं माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं.

"शोधू या," मी म्हणालो. "गावातच असेल कुठेतरी."

का म्हणालो? मला आजही माहीत नाही. तोंडातून गेलं खरं. हेंकचे डोळे चमकले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू कम्प्युटरचा माणूस. मला एक पत्रक करून दे."

म्हणजे मीच तासलेल्या बॅटचं 'हरवली आहे' असं पत्रक मी केलं, हेंकनं सांगितलेल्या वर्णनानुसार, रंगीत. खांबांवर लावायला खेमेंटेची, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेची, परवानगी लागेल असं मी त्याला बजावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी दिरंगाईसाठी देवाला नवस बोललो. अर्ज गेला त्याच दुपारी या लोकांनी परवानगी दिली. वर शुभेच्छा दिल्या. मग मी आणि हेंक दारोदार हिंडलो. हेंक विचारायचा, आणि मी मागे उभा राहून काळजीचा चेहरा करायचो. चेहरा करावा लागत नव्हता.

"चोराच्या मनात चांदणं," मंजूषा रोज रात्री भाजी चिरताना म्हणायची. एवढंच.

हरिहरला विचारलं. तो म्हणाला, "भुसा आणि लाकडाचा गोंद. लेप दे, गोल होईल. देवांच्या मूर्तींना वज्रलेप देतात की नाही?" मी छिलके गोळा करून ठेवले होतेच. शेडमध्ये बसून लेप दिला. वाळल्यावर बॅटला आवाळू आल्यासारखं दिसायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी ते आवाळू एकसंध खाली पडलं.

त्या दिवशी संहिता शेडच्या दारात येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

"तू सांगतोस की मी सांगू?" ती म्हणाली. "तो मला विचारत होता. मी त्याच्याशी खोटं बोलले. तुझ्यासाठी."

मला फार लाज वाटली. बॅट मी तिला काहीतरी शिकवायला आणली होती आणि शिकवलं हे. मी बॅट टॉवेलात गुंडाळली, मंजूषानं बेसनाच्या लाडवांचा डबा हातात दिला, आणि मी हेंकची बेल वाजवली.

त्यानं टॉवेल उघडला. सपाट बाजूवरून त्याचा भला मोठा अंगठा फिरला, जिथे नाव होतं तिथे थांबला.

"माझ्याच रंध्यानं?"

"हो."

"काम स्वच्छ केलंयस," तो म्हणाला. मग म्हणाला, "सांगितलंस, ते बरं केलंस." त्यानं दार लावून घेतलं. हळूच लावलं, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मंजूषा आमटी करत राहिली आणि ती उरत राहिली. मग गुरुवारी माझ्या फोनवर मेसेज आला. हेंकचा. 'प्रिय सुदर्शन, माझी शिडी तुझ्याकडे आहे. उद्या सकाळी साडेदहाला नेली तर चालेल का?'

मी तो मेसेज पाहिला आणि खुर्चीत बसलो. हेंकनं माझी अपॉइंटमेंट घेतली होती! मंजूषानं माझ्या हातातून फोन घेऊन वाचला. ती नेहमीप्रमाणे काहीतरी बोलेल असं मला वाटलं, पण ती बोलली नाही, आणि तेव्हा मला कळलं की तिलाही लागलंय. शुक्रवारी बरोबर साडेदहाला हेंक आला, शिडी घेतली, धन्यवाद म्हणाला, आणि गेला. आत आला नाही.

शनिवारी मी समारंभाला जाणारच नव्हतो. मंजूषा म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण तू केलंस, आता तोंड लपवून आणखी नको." गेलो. ऊन होतं, बँड होता, गावचे एक पुढारी आले होते, आणि मैदानाच्या कडेला अॅपल पायची टेबलं मांडली होती. पहिला बॉल संहिता टाकणार होती. सर्वांत जुना खेळाडू मारणार आणि छोट्या गटातली टाकणार, अशी कल्पना. हेंक मैदानात आला. मला वाटलं, क्लबाची एखादी चकचकीत बॅट असेल. पण त्याच्या हातात माझीच होती. म्हणजे त्याचीच. कुंकवाचा डाग मला लांबूनही दिसला. मारलूस त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, बहुतेक नियम. त्यानं मान हलवली आणि उभा राहिला.

संहितानं बॉल टाकला. हेंकनं बॅट फिरवली. हुकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा टाकला. पुन्हा हुकला. या वेळी टाळ्या जरा दयेच्या होत्या. हेंकचा चेहरा लाल झाला. त्यानं बॅट खाली टेकवली, तिच्याकडे पाहिलं, आणि हातात फिरवून सपाट बाजू पुढे केली. मग त्यानं गर्दीत मला शोधलं.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण सहकारनगरच्या मैदानात वाढलेल्या माणसाला पुढचं आवरत नाही. मी ओरडलो, मराठीत, सगळ्या गावासमोर, "संहिता, टप्पा टाक! आजोबांना एक टप्पा टाक!" आणि हेंककडे बघून मी दोन्ही हातांनी हवेत बॅट खाली धरून दाखवली.

माझी मुलगी, जिनं कधी माझं मराठीतलं एक वाक्य सरळ ऐकलं नाही, तिनं हात खालून काढला आणि बॉल टप्पा पाडून टाकला. हेंक वाकला. बॅट खालून वर आली. टॉक! तो आवाज मी पंधरा दिवस शेडमध्ये ऐकला होता, पण असा नाही. बॉल सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि अॅपल पायच्या टेबलावर, बरोबर मधल्या पायमध्ये, जाऊन बसला. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग जो गलका झाला तो विचारू नका. रिया हसता हसता रडत होती. पुढारी कोटावरची दालचिनी पुसत होते. मारलूस म्हणाली की नियमानं हे काहीच नाही, ना हिट, ना होमरन. मी म्हटलं, बाई, आमच्यात याला छक्का म्हणतात, आणि ज्याचं भांडं फुटलं त्याच्याकडून बोलणी खायची असतात.

हेंक माझ्याशी काही बोलला नाही. त्याच्याभोवती गर्दी होती. मी घरी आलो.

रविवारी संध्याकाळी आम्ही जेवायला बसत होतो. मंजूषानं चार ताटं घेतली. चौथं कुणासाठी ते माझ्या लक्षात आलं. सहा वाजले. सहा वाजून गेले. संहितानं भात चिवडला.

बेल वाजली.

दारात हेंक होता. त्याच्या काखेत तीन जुन्या लाकडी बॅटा होत्या, क्लबातल्या म्हाताऱ्यांच्या. सगळ्यांना आपली सपाट करून हवी होती, दर शुक्रवारी टप्पा टाकून खेळायचं ठरलं होतं.

"रंधा अजून तुझ्याकडेच आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे. पण तू मेसेज नाही केलास," मी म्हणालो.

"कशाला?" हेंक म्हणाला, बॅटा माझ्या हातात कोंबल्या, बूट काढले, आणि आमटीच्या दिशेनं आत गेला.